तुमच्या हातची सब्ज्याची चटणी

अहो, तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. विहारातला कार्यक्रम झाला, मनमाडची मंडळी परत गेली, सांत्वनाला येणाऱ्या बायकांची वर्दळही आटली. सगळ्यांचं तुमच्याबद्दल चांगलं बोलून झालं. शांत माणूस, कुणाशी कधी आवाज चढवून बोलला नाही, वगैरे. मी मान हलवत बसले होते. मनात म्हणत होते, या शांत माणसाशी मी एका खलबत्त्यावरून अकरा वर्षं भांडले आहे, मला विचारा.

तुम्ही म्हणायचात, मिक्सरचं पातं पान कापतं, बत्ता पान उलगडतो. मी म्हणायचे, पोटात गेल्यावर सगळं एकच. शेवटी मिक्सर घरात आलाच. त्यात खोबऱ्याची चटणी झाली, इडलीचं पीठ झालं, पण सब्ज्याला तुम्ही त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाहीत. हे भांडण तसंच राहिलंय. मी हरलेले नाही, एवढं लिहून ठेवते.

आणीबाणी उठली त्या वर्षी सातपूरला तुमच्या कारखान्यात इटलीहून मशीन आलं आणि ते बसवायला लुका नावाचा माणूस आला. तुम्ही फिटर, तुम्हाला त्याच्या हाताखाली दिलं. त्याचं इंग्रजी आणि तुमचं इंग्रजी मिळून एका माणसाचंही होत नव्हतं, तरी तुमचं छान जमलं. गेस्टहाउसचं जेवण त्याच्या घशाखाली उतरत नाही, बिचारा वाळत चाललाय, असं तुम्ही रोज येऊन सांगायचात. मग एका रविवारी तुम्ही त्याला जुनं नाशिक दाखवायला नेलंत. दर्ग्याबाहेर करीमभाई फुलांची टोपली घेऊन बसलेले. गुलाब, मोगरा, आणि कडेला कबरीवर वाहायच्या सब्ज्याच्या जुड्या. लुका चालता चालता थबकला, एक जुडी उचलून नाकाला लावली आणि भर रस्त्यात त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. करीमभाईंना वाटलं, साहेबाचं कुणीतरी गेलेलं दिसतंय. त्यांनी डोक्यावर बांधायला आपला रुमाल काढून दिला. लुकाने रुमाल मुकाट्याने बांधला आणि टोपलीत होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या जुड्या विकत घेतल्या. त्याच्या गावी याच पानांची चटणी करतात, पेस्तो म्हणतात तिला, हे तुम्हाला त्याने हातवारे करून सांगितलं. गेस्टहाउसमध्ये खल नव्हता, म्हणून दोघे आपल्या दारात उभे.

सब्ज्याचं बी फालुद्यात घालतात एवढंच मला ठाऊक होतं. पण सासूबाईंनी जुड्या बघितल्या आणि उंबऱ्यातच वाट अडवून उभ्या राहिल्या.

"ही तर मढ्यावरची पानं हे," त्या म्हणाल्या. "ही घरात नाय वाटायची."

दीक्षा घेतली तेव्हा ज्या बाईने घरातले सगळे देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले, मागे वळून पाहिलं नाही, ती बाई ओंजळभर पाल्याला घाबरली. तुम्ही म्हणालात, आई, देव सोडलेस, आता भुतं कशाला धरतेस? तेव्हा त्या बाजूला झाल्या. तिकडे शेजारच्या काकूंना खिडकीतून दिसलं ते वेगळंच. त्यांना वाटलं, आम्ही तुळस वाटतोय, आणि तीही लसूण घालून. चार दिवस त्या विरजण मागायला आल्या नाहीत. एकाच पाल्याला कुणी कबर बघितली, कुणी वृंदावन. लुकाने मात्र जमिनीवर मांडी ठोकली आणि लसूण सोलायला घेतला.

त्याने लसूण आणि खडेमीठ आधी घेतलं. मग पानं, थोडी थोडी, धुऊन कोरडी पुसलेली. ठोकायचं नाही, बत्ता कडेकडेने फिरवत घोटायचं. लोखंड लागू द्यायचं नाही, पान काळं पडतं. त्याच्या गावी घालतात तो सुका मेवा आपल्याकडे नव्हता म्हणून मी शेंगदाणे दिले. बॅगेत त्याने घरून आणलेला चीजचा दगडासारखा तुकडा होता, तो किसला. आणि वरून त्याच बॅगेतलं ऑलिव्हचं तेल सोडलं. तेव्हा जो वास सुटला ना, अहो, मी पोळपाटावरचा हात थांबवून नुसती उभी राहिले. आपल्या त्या दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात असं काही असू शकतं, हे मला माहीतच नव्हतं. सासूबाईसुद्धा आतल्या खोलीतून बाहेर आल्या.

खायचं कशाबरोबर, तर लुकाची नजर फळीवरच्या डब्यातल्या शेवयांवर गेली. सासूबाईंनी उन्हाळ्यात हाताने वळलेल्या. त्या त्यांच्याच हातच्या आहेत हे कळल्यावर तो उठला आणि सरळ त्यांच्या हाताचा मुका घेतला. म्हातारीने तो हात दिवसभर अंगापासून लांब धरला होता. पण उकडलेल्या शेवयांना ती चटणी चोळून समोर ठेवल्यावर त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, बरी हे, मीठ कमी हे. मढ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

लुका चार महिन्यांनी गेला. मला वाटलं, चटणीही गेली. तर पुढच्याच थंडीत तुम्ही जुड्या घेऊन आलात आणि मला म्हणालात, तू बस, मी करतो. ज्या माणसाने लग्नानंतर पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, तो! चिंचेच्या लाकडाचा बत्ता तुम्ही कारखान्यात लेथवर स्वतः उतरवून आणला होता. ऑलिव्हचं तेल औषधांच्या दुकानात मिळतं, बाळाला चोळायचं, एवढीशी बाटली, हे तुम्ही शोधून काढलंत. दुकानदाराने विचारलं, बाळ केवढं आहे? तुम्ही म्हणालात, व्हायचंय अजून. त्याने तुमचं अभिनंदन केलं आणि तुम्ही ते घेतलंतसुद्धा. दोन वर्षांनी सुजाता झाली तेव्हा तो म्हणाला, फार वाट बघायला लावलीत.

कॉलनीतले पुरुष हसायचे. तुम्ही खल घेऊन ओट्याखाली पाटावर बसलात की मुद्दाम कुणीतरी दारातून डोकावायचं. तुम्हाला फिकीर नव्हती. तुमचे ते ग्रीसने काळे झालेले नखांचे कोपरे, साबणाने तीनदा घासलेले, आणि त्यांच्यात ती हिरवी पानं. मी समोर बसून बघत राहायचे. कारखान्यात तुमची ख्याती काय आहे हे मला बायका सांगायच्या: तुम्ही मशीनशॉपमध्ये शिरल्या शिरल्या नुसत्या वासावरून सांगता की कुठली मोटर तापलीय, कुठलं तेल जळतंय. खलापाशी बसलात की तेच नाक चाले. मध्येच थांबून हुंगायचात, पानं वाढवायचात, पुन्हा हुंगायचात. चीज डब्यातलं, तेल पुढे पुढे घाण्यावरचं, पण चव चुकली नाही.

मग तो घोटीचा रस्ता. नवा तांदूळ आणायला गेलात आणि मोटरसायकल घसरली. डोक्याच्या मागे सात टाके. आठवड्याभरात तुम्ही कामावर हजर झालात, सगळे म्हणाले, नशीब थोर. मीही म्हणाले. तुमचं नाक गेलंय हे तुम्ही कुणालाही सांगितलं नाहीत. मलाही नाही.

मला ते कळलं एका सकाळी. गॅस घरात येऊन महिनाच झाला होता. मी बाहेर नळावर होते. आत आले तर स्वयंपाकघरात गॅसचा भपकारा, आणि तुम्ही शेगडीसमोर काडेपेटी हातात घेऊन उभे, अगदी निवांत, चहाचं आधण ठेवायला. सुजाता तिथेच अंथरुणावर झोपलेली. मी काडेपेटी तुमच्या हातातून काढून घेतली, म्हणाले, ओली आहे ती, दुसरी आणते. बटण बंद केलं, खिडकी उघडली, सुजाताला उचलून बाहेर नेलं. तुम्ही माझ्याकडे नुसते बघत होतात. मी तुम्हाला तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तुमचा चेहरा बघितला आणि माझ्याने विचारवेना. ज्या माणसाची सगळी पत त्याच्या नाकावर उभी आहे, त्याला बायकोने कसं विचारायचं, तुमचं नाक गेलंय का म्हणून? त्या दिवसापासून रेग्युलेटर मी रोज स्वतः बंद करत आले. दूध उतू गेलं, भात लागला, कुठे काही जळलं, की मी मोठ्याने बडबडायचे, म्हणजे तुम्हाला कळावं. तुम्ही मला एकदा म्हणालात, तू हल्ली फार बोलतेस. मी म्हणाले, वय झालं.

आणि तुम्ही काम कसं निभावलंत, ते मला त्या दसऱ्याला दिसलं. कारखान्यात मशीनची पूजा असते आणि घरच्यांना आत सोडतात. तुम्ही मला एका मशीनजवळ नेलंत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तुम्ही त्याच्या अंगाला टेकवलं आणि मूठ माझ्या कानाला लावलीत. आत कुणीतरी ज्वारी दळत असल्यासारखा आवाज येत होता. "ऐकलंस?" तुम्ही म्हणालात. "हे बेअरिंग आठ-दहा दिवसांचा सोबती आहे." नवव्या दिवशी ते गेलं. गेलेल्या नाकाची जागा तुम्ही कानाने भरून काढली होती, कुणाला पत्ता लागू न देता, एकट्याने. मला माहीत असलेल्या कुठल्याही मोठ्या माणसाने याहून मोठं काही केलेलं मी बघितलेलं नाही.

चटणीचंही तसंच. तुम्ही आता हुंगायचा नाहीत, कान खलाकडे झुकवायचात. मिठाची करकर कधी थांबते, पान कधी ओलं बोलायला लागतं, दाण्यांनी तेल सोडलं की बत्ता कसा जड फिरतो, हे सगळं ऐकून. आणि मग मान वर करून विचारायचात, "शालू, वास आला का?" नुसतं आला म्हणून भागायचं नाही. कसा आलाय? लसूण पुढे आहे का पान? मागे काय राहतंय? मला वाटायचं, माझ्याकडून खात्री करून घेताय. मी जेवढं जमेल तेवढं सांगायचे.

आता त्या वाटीचं सांगते, ज्यावरून तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

तुम्हाला बढती देऊन चार्जहँड करायचं घाटत होतं आणि नवे फोरमन जेवायला येणार होते. अपघातानंतर तुमचं पूर्वीसारखं राहिलं नाही, अशी कुजबुज त्यांच्या कानावर गेली होती, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. त्या दिवसासाठी तुम्ही कपाटातून लुकाने कुणाबरोबर तरी पाठवलेली खऱ्या तेलाची बाटली काढलीत. तीन वर्षं जपून ठेवलेली. सकाळभर घोटलंत. मी पाट मांडून आत आले, वाटीजवळ वाकले आणि वास घेतला. तेल खवट झालं होतं. साधंसुधं नाही, रंगाच्या डब्यासारखा उग्र वास. बाहेर फोरमन पाटावर बसलेले. पहिल्या घासाला त्यांना कळलं असतं की या माणसाला वास येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या शॉपला. तुम्ही वाटी उचलायला हात पुढे केलात आणि मी धक्का दिला. वाटी मोरीत पालथी. मी म्हणाले, अगंबाई, निसटली.

मी वांग्याची भाजी वाढली. फोरमननी दोनदा मागून घेतली. तुम्हाला चार्जहँड केलं. पण ते गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "एक दिवस होता माझा, तोही तुला सांभाळता आला नाही." आणि मग दोन दिवस घरात शब्द नाही. मी खरं सांगू शकत नव्हते. सांगितलं असतं तर तुमचं चार वर्षांचं झाकलेलं मीच उघडं केलं असतं. मी रडले ते मोरी घासताना रडले, तुम्हाला कळू न देता. आजवर मला वाटत आलं की तो राग तुम्ही बरोबर घेऊन गेलात.

काल करीमभाई आले. त्यांना उशिरा कळलं. जुड्या घेऊन आले होते, दारातच बसले, आत या म्हटलं तरी येईनात. पाणी प्यायले. मग हातातली टोपी उलटसुलट करत म्हणाले, "भाभी, एक बात सांगतो, रागावू नका. त्यांना मालूम होतं."

मी विचारलं, काय?

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ती तेलाची बाटली आणि न धुतलेला खल पिशवीत घालून त्यांच्याकडे गेला होतात. त्यांच्यापुढे धरून म्हणालात, करीमभाई, तुमचं नाक फुलवाल्याचं, सांगा याला कसला वास येतोय. करीमभाईंनी तोंड फिरवलं, आणि मी वाटी का पाडली ते तुम्हाला तिथे कळलं. तेव्हा तुम्ही त्यांच्या टोपलीशेजारी फुटपाथवर बसलात आणि खूप वेळ बसून राहिलात. म्हणजे त्यानंतर तुम्ही रागावलेले नव्हतातच. तुम्हाला माझ्यापुढे तोंड उघडायची लाज वाटत होती, आणि मी इकडे राग समजून मोरी घासत होते. त्यानंतर दर थंडीत पानं, दाणे, तेल, सगळं आधी करीमभाईंच्या नाकाखालून घालून मगच तुम्ही घरी आणत होतात.

मी करीमभाईंना म्हणाले, मग मला का नाही सांगितलं त्यांनी?

"मी पण तेच विचारलं," ते म्हणाले. "तर बोलले, मला कळलंय हे शालूला कळलं, तर ती वासाचं सांगणं बंद करेल. तिला वाटतं मी पारख करायला विचारतो. पारख तर तुम्ही करून देता. ती सांगते ना, तेवढाच वास आता मला येतो."

अहो, मी त्यांच्यासमोरच रडले. करीमभाई उठून गेले, जुड्या ठेवून.

काल रात्रभर मी आठवत होते, की केव्हा केव्हा काय काय सांगितलं तुम्हाला. काही वेळा चांगलं सांगितलंय, त्याचं समाधान आहे. एकदा मी म्हणाले होते, सुजाताची पाटी धुतल्यावर अंगणात जसा येतो तसा गार वास आहे मागे, आणि तुम्ही डोळे मिटून हसला होतात. मला तेव्हा कळलं नाही तुम्ही का हसलात. पण गेल्या थंडीतलं आठवलं आणि जीव कासावीस झाला. डाळ उतू चालली होती, सुजाता वही मागत होती, आणि तुम्ही खलावरून विचारलंत, वास आला का? मी पाठमोरीच म्हणाले, "आलाय, आलाय." बस्स, एवढंच. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. ती शेवटची चटणी होती, आणि तुम्ही ती बिनवासाची खाल्लीत.

म्हणून आज मी खल खाली काढला. पानं कोरडी पुसली, लसूण आणि मीठ आधी घेतलं, बत्ता कडेकडेने फिरवला. मिक्सर ओट्यावरच होता, त्याच्याकडे बघितलंही नाही, पण म्हणून तुम्ही जिंकलात असं समजू नका.

आता नीट ऐका. आधी लसूण येतो, नाकात चढणारा, पण पानं पडली की तो मागे सरतो. मग पान. थोडी बडीशेप, थोडी लवंग, आणि त्यांच्यावर काहीतरी हिरवं, ज्याला मी अकरा वर्षांत नाव देऊ शकलेले नाही. शाळेच्या मैदानात गवत कापल्यावर येतो त्याच्या जवळचं, पण गोड. दाणे खाली बसलेत, भाजल्यासारखे, घरगुती. आणि सगळ्यात शेवटी तो गारवा, जो जिभेआधी घशाला कळतो. वास दारापर्यंत गेलाय. शेजारच्या काकूंनी खिडकी उघडल्याचा आवाज आला आत्ता. सुजाता अभ्यास सोडून येऊन बसलीय माझ्याजवळ.

वास आलाय. पण पान पुरतं उलगडलं की नाही, ते मला या आवाजावरून काही केल्या कळत नाहीये. मघापासून मी कान लावून बसले आहे. आणखी घोटू का, अहो?